खोडलेल्या नोंदी, उरलेला मजकूर

सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी झाले म्हणून जमीन जागची हलत नाही. विहीर तिथेच असते, बांधावरचा आंबाही तिथेच असतो. पुढचा माणूस येऊन नांगर घालेपर्यंत जुन्या पिकाची धसकटेसुद्धा शेतात उभी दिसतात. संगणकाच्या हार्ड डिस्कवरची फाइल 'डिलीट' केली की साधारण हेच घडते. यादीतली नोंद खोडली जाते आणि त्या फाइलची जागा 'मोकळी' म्हणून जाहीर होते. मजकूर मात्र होता तिथेच राहतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले, तरच तो जातो.

हा लेख त्या धसकटांविषयी आहे. ती वेचण्याची साधने कोणी आणि कोणत्या गरजेतून तयार केली, त्यांतली बरीचशी फुकट आणि खुली का राहिली आणि १९९० ते २००५ या पंधरा वर्षांतल्या मराठी छपाईचा मागोवा घेणाऱ्याला त्यांचा काय उपयोग, हे मला सांगायचे आहे. या काळातले आपले बरेच साहित्य खिळ्यांवर जुळवले गेले नाही आणि आजच्या युनिकोडमध्येही टंकलेले नाही. ते मधल्याच एका व्यवस्थेत अडकले आहे. ही व्यवस्था ज्या डिस्कांवर होती, त्या आता भंगारात निघाल्या आहेत.

खोडण्याची ही अर्धवट पद्धत आळसातून आलेली नाही. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक या यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. म्हणजे कपाटाएवढ्या यंत्रात एखादे ग्रंथालयही नव्हे, फार तर एक फळी. अशा यंत्रात मजकूर खरोखर पुसायचा तर त्यावर दुसरे काहीतरी लिहावे लागते आणि त्याला लिहिण्याइतकाच वेळ जातो. त्यापेक्षा यादीत एक खूण करणे स्वस्त. ही काटकसर पुढच्या प्रत्येक पिढीने उचलली.

डॉस प्रणालीतली खूण तर इतकी साधी होती की तिच्यावर एक संपूर्ण धंदा उभा राहिला. फाइल खोडली की तिच्या नावाचे पहिले अक्षर जाई आणि तिथे सोळा-अंकी पद्धतीतला 'ई५' हा आकडा, म्हणजे आपला २२९, बसे. ही खूण डॉसच्या आधीच्या सीपी/एम प्रणालीतून आलेली. आठ इंची फ्लॉपी कारखान्यातून यायची तीच सगळीकडे ई५ भरून, म्हणून ई५ म्हणजे रिकामे. जपानी लिपिसंकेतात मात्र काही कांजी अक्षरे याच ई५ने सुरू होतात. त्या अक्षराने सुरू होणारे नाव दिले तर चांगली फाइल खोडलेली दिसणार! मग अशा नावांपुरता ई५ऐवजी ०५ लिहायचा, असे ठिगळ लावावे लागले. यंत्राच्या पोटातल्या खुणा ठरवताना इंग्रजीखेरीज इतर भाषा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हत्या, हे या ठिगळातून दिसते. मराठीच्या वाट्याला हे कसे आले, ते पुढे येईलच.

१९८२ साली पीटर नॉर्टन यांनी खोडलेली फाइल परत आणणारा 'अनइरेज' हा प्रोग्राम आपल्या संचात विकायला ठेवला आणि त्या संचाने त्यांना श्रीमंत केले. १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीत 'अनडिलीट' ही आज्ञाच आली. ती वापरताना संगणक विचारी: या नावाचे पहिले अक्षर काय होते? बाकीचे सगळे त्याला ठाऊक असे, पहिले अक्षर तेवढे माणसाने आठवायचे. पण हे प्रोग्राम बंद डब्यासारखे होते. आत काय चालते हे विकत घेणाऱ्याला पाहता येत नसे.

एक फाइल जाणे वेगळे आणि अख्खी डिस्क जाणे वेगळे. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या खणात, म्हणजे सेक्टरमध्ये, ६४ बाइटांचे एक कोष्टक असते. डिस्कचे किती विभाग आहेत, प्रत्येक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढेच त्यात लिहिलेले. प्रत्येक विभागाला १६ बाइट, असे चार विभाग. हे कोष्टक बिघडले की लाखो अक्षरे जागच्या जागी असूनही संगणक म्हणतो, इथे काहीच नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी हे जगभर घडले. चेन इंग-हाउ या तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा विषाणू त्या दिवशी जागा झाला आणि त्याने डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर शून्ये लिहून टाकली. चेर्नोबिलच्या अपघाताची ती तारीख, म्हणून त्याला चेर्नोबिल विषाणू म्हणू लागले.

यातही गंमत अशी, की जुन्या छोट्या डिस्कांपेक्षा नव्या मोठ्या डिस्का बऱ्या वाचल्या. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे हे सांगणाऱ्या तक्त्याच्या दोन प्रती डिस्कवर ठेवलेल्या असतात. छोट्या डिस्कवर त्या इतक्या जवळजवळ असत की दोन्ही एका फटक्यात गेल्या. मोठ्या डिस्कवर पहिली प्रतच काही मेगाबाइट लांब, त्यामुळे दुसरी विषाणूच्या टप्प्यापलीकडे राहिली. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठातला विद्यार्थी मोनिरुल इस्लाम शरीफ याने या दुसऱ्या प्रतीवरून डिस्क उभी करणारा प्रोग्राम लिहिला आणि तो फुकट वाटला. या इतिहासात अमेरिका-युरोपची नावे इतकी येतात, की शेजारच्या ढाक्यातले हे नाव मी मुद्दाम नोंदवतो.

हरवलेले कोष्टक नव्याने मांडून देणारे आज सर्वांत परिचित साधन म्हणजे टेस्टडिस्क. ते लिहिले ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने. डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळायची, प्रत्येक विभागाच्या तोंडाशी असणाऱ्या ठरावीक खुणा शोधायच्या आणि त्यांवरून ते ६४ बाइट पुन्हा लिहायचे, असे त्याचे काम. गावचा नकाशा जळाला तर शेतातले दगड पाहून हद्दी ठरवाव्यात, तसे. टेस्टडिस्क 'मुक्त' आहे. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून या शब्दाला एक नेमका अर्थ आहे: प्रोग्रामचा मूळ पाठ कोणीही वाचावा, बदलावा आणि पुढे द्यावा. माझ्यासारख्या पदवीबाहेर शिकलेल्या माणसाला हा हक्क फार उपयोगी पडला. यंत्र काय करते ते वाचून समजून घेता आले.

नोंदी, तक्ते, कोष्टक, सगळेच गेले असेल तर? मग मजकुराकडेच पाहावे लागते. याला इंग्रजीत कोरणे या अर्थाचा शब्द आहे आणि तो चपखल आहे. दगडात मूर्ती आहे असे धरून नको तो भाग काढायचा. हे शक्य होते, कारण बहुतेक प्रकारच्या फाइली स्वतःची ओळख पहिल्या काही बाइटांतच सांगतात. जेपीईजी छायाचित्र 'एफएफ डी८'ने सुरू होते आणि 'एफएफ डी९'ने संपते. झिप फाइलीच्या तोंडाशी 'पीके' ही अक्षरे असतात, ती तिचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. डॉसच्या प्रोग्रामांवर 'एमझेड', म्हणजे मार्क झ्बिकोव्स्की. जुन्या वर्ड फाइलीचे पहिले चार बाइट 'डी० सीएफ ११ ई०'. रोमन लिपीत सलग वाचले तर 'डॉकफाइल'सारखे दिसावे म्हणून निवडलेले. ताम्रपटाच्या सुरुवातीला 'स्वस्ति' यावे, तशा या खुणा.

ही विद्या प्रथम गुन्हे-तपासाच्या अंगणात वाढली. डॅन फार्मर आणि वीत्से व्हेनेमा यांनी २००० साली 'कॉरोनर्स टूलकिट' हा संच खुला केला. त्यातल्या खोडलेला मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रामचे नाव लाझारस, बायबलमध्ये मेलेल्यातून उठलेला तो. २००१ साली अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागातले क्रिस केंडल आणि जेसी कॉर्नब्लम यांनी 'फोरमोस्ट' लिहिला. सरकारी नोकराने नोकरीत केलेल्या कामावर अमेरिकेत स्वामित्वहक्क लागत नाही, त्यामुळे तो आपोआप सर्वांचा झाला. त्यावरून २००५ साली न्यू ऑर्लिन्समधल्या गोल्डन रिचर्ड यांनी 'स्काल्पेल' केला. ग्रेनिए यांनी २००२ पासून टेस्टडिस्कला 'फोटोरेक' हे भावंड दिले. कॅमेऱ्यातली गेलेली छायाचित्रे परत आणणे हा त्याचा मूळ हेतू, म्हणून ते नाव. आज तो ४८०हून अधिक प्रकारच्या फाइली ओळखतो. त्याचा मूळ पाठ उघडला तर प्रत्येक प्रकारासाठी एक छोटी वेगळी नोंदवही दिसते. गेल्या चाळीस वर्षांत माणसांनी कोणकोणत्या साच्यांत लिहिले, त्याचा तो कोशच आहे. मी कित्येकदा तो नुसता वाचत बसतो.

या पद्धतीला दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली, फाइलीचे तुकडे डिस्कवर लांबलांब पडले असतील तर कोरून काढलेला मजकूर मध्येच तुटतो. सिम्सन गार्फिंकेल यांनी बाजारातून घेतलेल्या तीनशेहून अधिक डिस्का तपासल्या तेव्हा वर्डच्या १७ टक्के फाइली तुकड्यांत आढळल्या. दुसरी मर्यादा इतिहासाच्या अभ्यासकाला जास्त टोचते. फाइल मिळते, पण नाव, तारीख आणि फोल्डर मिळत नाही. फोटोरेक तिला खणाच्या क्रमांकावरून नाव देतो आणि पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यांत टाकतो. म्हणजे रुमाल सोडून सगळे कागद जमिनीवर ओतलेले.

फार्मर आणि व्हेनेमा यांनी आणखी एक मोजमाप केले होते. चालू सर्व्हरवर खोडलेल्या मजकुरातला अर्धा नाहीसा व्हायला किती दिवस लागतात? त्यांच्या तीन यंत्रांवर उत्तर आले १२ ते ३५ दिवस. हे वाचून मला प्रथम वाटले, मग वीस वर्षांपूर्वीच्या डिस्कवर काय उरणार? पण ते मोजमाप चालू यंत्राचे आहे. बंद पडलेल्या यंत्रात नांगर फिरत नाही. छापखाना ज्या दिवशी बंद झाला त्या दिवशीची धसकटे तशीच राहतात. धंदा बसला, हेच संशोधकाच्या पथ्यावर पडते. सांगायला बरे वाटत नाही, पण तसे आहे.

अशीच एक ४.३ जीबीची डिस्क चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. पुण्यातल्या पेठेतले एक डीटीपी केंद्र बंद झाले, मालकांच्या मुलाने संगणक भंगारात देण्याआधी मला विचारले. दिवाळी अंकांची पाने, कवितासंग्रह, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, सगळे तिथे लागत असे. डिस्क अधूनमधून खडखडत होती. अशा डिस्कवर थेट शोध चालवू नये. आधी तिची संपूर्ण प्रत काढावी. त्यासाठी अंतोनियो दियाझ दियाझ यांनी २००४ पासून सांभाळलेला ग्नू डीडीरेस्क्यू वापरतात. त्याची रीत शहाण्या माणसाची आहे. जे सहज वाचता येते ते आधी उचलतो, अडेल तिथे थांबत नाही, कुठे अडले त्याची वही ठेवतो आणि मग पुन्हा पुन्हा येऊन कडेकडेने खरवडतो. मधेच वीज गेली तरी वहीवरून काम पुढे चालू होते. मला ११ रात्री लागल्या.

तबकडीच जळली किंवा तडकली तर मात्र सॉफ्टवेअरचे काम संपते आणि प्रयोगशाळेचे सुरू होते. २००३ साली कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान कोसळले. त्याच्या अवशेषांत मिळालेल्या एका काळ्याठिक्कर डिस्कवरून एका अमेरिकी कंपनीने झेनॉन वायूवरील प्रयोगाची ९९ टक्के माहिती वाचवली आणि तो निबंध २००८ साली छापून आला. त्या यंत्रात जुनी डॉस प्रणाली होती आणि मजकूर एकाच भागात सलग लिहिलेला होता, हे त्यात कामी आले. पण हा खर्च तुमच्या-माझ्या आवाक्यातला नव्हे.

माझ्या डिस्कवरून फाइली निघाल्या, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. उघडल्यावर दिसली ती रोमन अक्षरे, त्यांवर टिंबे, टोप्या, शेपट्या, मधेच पौंडाचे चिन्ह. बिघडलेली फाइल समजून कोणीही टाकून दिली असती. ती धडधाकट मराठी होती.

याचे कारण सांगायला हवे. पुण्यात १९८८ साली सीडॅकची स्थापना झाली, १९९१ साली भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. कागदावर सगळे वेळेवर झाले. पण विंडोजला देवनागरी जोडाक्षरे समजू लागली ती विंडोज २०००पासून, आणि ज्यात पाने लागत त्या पेजमेकरला ती कधीच समजली नाहीत. तेव्हा फाँट करणाऱ्या मंडळींनी तोडगा काढला: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा श, काना, वेलांटी, रफार, प्रत्येकाला एक घर. घरे जेमतेम दोनशे आणि प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. एका फाँटमध्ये ज्या घरात 'ळ', दुसऱ्यात तिथे 'क्ष'. त्यातून ह्रस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. म्हणजे डिस्कवर 'मराठी' अशी नव्हतीच. होते ते एका विशिष्ट फाँटच्या घरांचे क्रमांक. तो फाँट हरवला तर मजकूर वाचूनही वाचता येत नाही.

मोडी वाचणाऱ्यांना निदान लिपी एकच असते आणि वळण तेवढे बदलते. इथे प्रत्येक दुकानाची लिपी वेगळी!

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे, की या काळातली डिस्क मिळाली तर 'कामाच्या' फाइली निवडून घेऊ नयेत. संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी. माझ्या डिस्कवर फाँटच्या फाइलीही खोडलेल्या होत्या, पण ट्रूटाइप फाँटही आपल्या खुणेने सुरू होतो आणि फोटोरेकला तो ओळखता येतो. शिवाय फाँटचे नाव त्याच्या पोटात लिहिलेले असते आणि मजकुराच्या फाइलीतही तेच नाव सापडते. नाव जुळले की किल्ली मिळाली. पेजमेकरची फाइल उघडायलाही आता मूळ प्रोग्राम लागत नाही; लिब्रेऑफिसच्या ४.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून, तिला त्या फाइली वाचता येतात. मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर येतो. त्यानंतर घरे मोजत एक तक्ता करायचा आणि वेलांट्या जागेवर न्यायच्या. कंटाळवाणे काम आहे, पण अवघड नाही.

इतके करून काय मिळाले? एका दिवाळी अंकातल्या दीर्घ लेखाच्या तीन अवस्था. छापील अंक माझ्याकडे आहे. त्यात आलेला लेख तिन्हींत सर्वांत आखूड आहे. शेवटून दुसऱ्या विभागातले सहा परिच्छेद पहिल्या दोन अवस्थांत आहेत, तिसऱ्यात नाहीत, आणि त्यांच्या जागी अर्ध्या पानाच्या जाहिरातीची चौकट आहे. लेखाचा शेवट तुटक वाटतो, असे तेव्हाच्या वाचकांना वाटले असेल तर ते बरोबरच होते. तारखा नसताना अवस्थांचा क्रम कसा लावला, असे कोणी विचारील. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना पोथ्यांचा लावला तसाच: पहिल्या अवस्थेतली चूक दुसरीत दुरुस्त आहे, दुसरीत शिरलेली नवी चूक तिसरीत कायम आहे. खिळ्यांच्या काळात जुळणी सुटली की मजकूर संपे, पण लेखकाचे हस्तलिखित आणि प्रुफे कुठेतरी राहत. डीटीपीच्या काळात दुरुस्त्या पडद्यावरच झाल्या. या दुरुस्त्यांचा पुरावा डिस्कखेरीज कुठेही नाही.

त्याच डिस्कवर मला जे वाचायचे नव्हते तेही निघाले. कोणाचे कर्जासाठीचे अर्ज, एका बाईंनी वकिलाला टंकून घेतलेले पत्र. गार्फिंकेल आणि अभी शेलट यांनी २००३ साली एका निबंधात दाखवले होते, की विकत घेतलेल्या १५८ जुन्या डिस्कांपैकी १२९ चालू निघाल्या आणि त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांवर पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. तपासनीसाची साधने अभ्यासकाच्या हाती आली की तपासनीसाची नजरही येते. मी खाजगी कागद पहिल्या ओळीनंतर बंद केले आणि प्रतीतून काढून टाकले. या वेळी खरोखर, वर शून्ये लिहून. ते सहा परिच्छेदही मी इथे देत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांचा असतो आणि मुक्त साधनाने काढलेला मजकूर त्यामुळे मुक्त होत नाही. वारसांना मी प्रत दिली आहे. छापायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.

हे सारे फिरत्या तबकड्यांपुरते आहे. आजच्या संगणकांत एसएसडी असते. तिच्यात लिहिण्याआधी जागा साफ करावी लागते, म्हणून फाइल खोडताच 'ट्रिम' ही आज्ञा डिस्कला कळवते की हे खण नकोत, आणि डिस्क ते आपल्या सवडीने खरोखर मोकळे करते. विंडोजमध्ये ही सोय २००९ साली आली. मोबाइलमधला मजकूर तर मुळातच कुलूपबंद असतो. धसकटे उरण्याचा काळ साधारण तीस वर्षांचा होता, आणि मराठी डीटीपीची ती पंधरा वर्षे नेमकी त्यात बसतात. त्या डिस्काही म्हाताऱ्या झाल्या आहेत. वंगण सुकते, चक्रे अडकतात आणि भंगारवाल्याला त्यात फक्त ॲल्युमिनियम दिसते.

त्यामुळे जुन्या छापखान्यात गेलो की मी हल्ली फाइली मागत नाही. डिस्क मागतो, आणि तिच्यासोबत संगणकाच्या पाठीमागे लावायचे ते काडेपेटीएवढे हार्डवेअर लॉकही मागतो, कारण त्याशिवाय बरीच जुनी मराठी पॅकेजेस सुरूच होत नाहीत. मालक सहसा म्हणतात, ते केव्हाच टाकून दिले. मग खालचा ड्रॉवर उघडायला सांगायचे. दोनदा ते तिथेच मिळाले आहे, बटर पेपरच्या गुंडाळीखाली, रबरबँड लावून.